टिपणापासून पानापर्यंत : प्रस्तावना

ही पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे त्यांचा मजकूर आधीच लिहून तयार आहे. नागपुरात आणि एकूण विदर्भात अशी माणसं शोधावी लागत नाहीत. वऱ्हाडी नाहीतर झाडीबोलीतले शब्द आणि म्हणी जमवणारे शिक्षक आहेत, संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहाराची वर्षवार नोंद ठेवणारे बागायतदार आहेत, जुन्या कागदपत्रांतून गावाचा इतिहास जुळवत बसलेले निवृत्त कर्मचारी आहेत, वाचनालयाचं त्रैमासिक नेटानं चालवणारे दोघे-तिघे आहेत. यांतल्या अनेकांच्या नोंदी आता वहीत नाहीत. त्या कॉम्प्युटरवर आहेत, युनिकोडमध्ये आहेत, आणि पुष्कळदा अगदी साध्या टेक्स्ट फाइलींत आहेत. अडतं ते त्याच्या पुढे. या फाइलींचं संकेतस्थळ कसं करायचं, त्यांतूनच छापायला देण्याजोगी पीडीएफ कशी काढायची, आणि उद्या एक नोंद दुरुस्त केली तर ती दोन्हीकडे कशी दुरुस्त व्हावी, हे त्यांना ठाऊक नसतं. त्यासाठीची साधनं आहेत, ती विनामूल्य आहेत, त्यांची भलीमोठी मॅन्युअलंही आहेत. तरी माणूस मॅन्युअल उघडतो, दोन पानं वाचतो आणि फाइल पेन ड्राइव्हवर घालून डीटीपीवाल्याकडे जातो. मॅन्युअल हातात असून त्याला असं परत फिरावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. हा दोष त्याचा नाही, मॅन्युअल लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. ती पद्धत सुधारता येते हे दाखवण्यासाठीच ही पुस्तिका लिहिली आहे.

साध्या मजकुराचा एवढा आग्रह का, ते आधी सांगायला हवं. मराठी छपाईनं 1990 नंतरची पंधरा-वीस वर्षं फाँटांच्या हवाली केली. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्यातली अक्षरांची मांडणीही वेगळी. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली होती. भारतीय मानक ब्यूरोनं भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे मानक 1991मध्ये प्रसिद्ध केलं होतं, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली होती. पण डीटीपीच्या दुकानांतली रोजची कामं पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्रामवर चालत, आणि पेजमेकरची 2001 साली निघालेली शेवटची आवृत्तीसुद्धा युनिकोड ओळखत नव्हती. त्या काळात अक्षरजुळणी झालेल्या पुस्तकांच्या फाइली आज उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भाऊगर्दी दिसते. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण रफार चुकीच्या अक्षरावर जातो, ‘वऱ्हाडी’मधला अर्धा र फुटतो, आणि शेवटी कुणीतरी पुन्हा ओळन् ओळ वाचत बसतं. पुस्तक छापून झालं आणि मजकूर हातचा गेला, अशी ही अवस्था आहे.

मूळ मजकूर हातचा जातो तेव्हा काय होतं, हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं, असं महानुभाव परंपरा सांगते. त्यातून पाठभेद निर्माण झाले, पोथ्या वेगळ्या झाल्या. विष्णु भिकाजी कोलते यांनी नागपुरात राहून महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. त्यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1978मध्ये प्रसिद्ध केलं. अनेक पोथ्या शेजारी शेजारी ठेवून एकेक शब्द पारखण्याचे कष्ट त्या कामामागे आहेत. एकच मूळ प्रत जपावी आणि बाकी सगळी रूपं तिच्यातूनच काढावीत, एवढी शिस्त पाळली तर आपल्या पुढच्या अभ्यासकाला असे कष्ट पडणार नाहीत. साध्या टेक्स्ट फाइलीतून प्रकाशन करण्यामागचा विचार नेमका हा आहे. फाइल एक. तिच्यातून संकेतस्थळाचं पान निघतं, पीडीएफ निघते, ई-बुक निघतं. दुरुस्ती करायची ती मूळ फाइलीतच.

या कामाची साधनं बरीच आहेत. जॉन ग्रूबर यांनी 2004मध्ये मार्कडाउन ही साध्या मजकुरात खुणा करून लिहिण्याची पद्धत आणली आणि ती सर्वत्र पसरली. जॉन मॅकफार्लन हे बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी 2006मध्ये सुरू केलेलं पॅनडॉक एका प्रकारच्या मजकुराचं दुसऱ्या अनेक प्रकारांत रूपांतर करतं. या पुस्तिकेनं निवडलं आहे ते ऑर्ग मोड. ॲम्स्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी 2003मध्ये स्वतःच्या नोंदी आणि कामांच्या याद्या नीट ठेवता याव्यात म्हणून ते लिहिलं, आणि 2007पासून ते ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामसोबतच मिळतं. ऑर्ग निवडण्याचं कारण सोपं आहे: नोंद लिहिण्याची जागा आणि तिच्यातून प्रकाशन करण्याची जागा इथे एकच आहे. एका फोल्डरमधल्या सगळ्या नोंदी एका आज्ञेत प्रकाशित करण्याची सोय, जी डेव्हिड ओटूल यांनी मुळात लिहिली, तीही त्यातच आहे. ईमॅक्स शिकायला वेळ लागतो, हे खरं. पण ज्याच्याकडे शेकडो नोंदी आहेत आणि त्या वाढतच जाणार आहेत, त्याला हा वेळ परत मिळतो.

आता मॅन्युअलकडे वळतो. ऑर्गचं मॅन्युअल काळजीपूर्वक लिहिलेलं आहे आणि त्यातली माहिती अचूक आहे, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. त्यातल्या ‘पब्लिशिंग’ या प्रकरणाचा क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला प्रकल्पाच्या मांडणीचे, म्हणजे कुठल्या फाइली घ्यायच्या आणि त्यांचं काय करायचं याचे, सगळे पर्याय, मग सर्व्हरवर फाइली चढवण्याविषयी, मग नमुन्याच्या मांडण्या, आणि प्रकाशन सुरू करण्याची आज्ञा सगळ्यांत शेवटी. ज्याला हे साधन माहीत आहे आणि एखादा पर्याय तेवढा विसरला आहे, त्याच्यासाठी हा क्रम उत्तम. पहिल्यांदा आलेल्याला तो उलटा पडतो. त्याला आधी एक पान निघालेलं पाहायचं असतं. डॅनिएल प्रोसिडा यांनी मॅन्युअलच्या लेखनाचे चार प्रकार वेगळे मांडले आहेत: हात धरून शिकवणारं, एखादं ठरावीक काम पार पाडून देणारं, संदर्भासाठी असलेलं आणि कारणं समजावणारं. एकाच पानात चारही कोंबले की कुठलंच साधत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. ऑर्गच्या या प्रकरणात संदर्भ भरपूर आहे. उणीव आहे ती पहिल्या दोन प्रकारांची, आणि तीच इथे भरून काढायचा प्रयत्न आहे.

उणीव म्हणजे काय, ते एका उदाहरणानं नीट कळेल. समजा, एका शिक्षिकेनं वऱ्हाडी शब्दांच्या नोंदी एका फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत आणि वखर, डवरा अशा शेतीच्या अवजारांचे फोटोही त्यातच आहेत. मॅन्युअलमधला छोटा नमुना घेऊन तिनं स्रोताचा फोल्डर आणि प्रकाशनाचा फोल्डर लिहिला. पण तो नमुना लिहायचा कुठे? ईमॅक्स सुरू होताना वाचली जाणारी एक फाइल असते आणि ही मांडणी तिच्यात लिहायची असते, हे मॅन्युअल गृहीत धरतं. तेही तिला जमलं. आज्ञा दिली, पान निघालं, आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. कारण ऑर्ग फक्त ‘ऑर्ग’ शेपटीच्या फाइलींचं रूपांतर करतं. फोटो, रंगरूपाची फाइल वगैरे जसंच्या तसं उचलून नेण्यासाठी वेगळा प्रकल्प लिहावा लागतो आणि मग दोघांना जोडणारा तिसरा. मॅन्युअलमध्ये हे आहे, पण मोठ्या नमुन्यात. रिकामी चौकट पाहणाऱ्या माणसाला ‘फोटो का आले नाहीत’ या प्रश्नाखाली ते सापडत नाही.

तिनं मांडणी दुरुस्त केली, सगळ्या पानांवर येणारा मथळाही त्या मांडणीतच बदलला, पुन्हा आज्ञा दिली. फोटो आले, पण मथळा जुनाच राहिला. इथे पुष्कळ लोक हात टेकतात. प्रत्येक फाइल शेवटची केव्हा प्रकाशित झाली याची नोंद ऑर्ग एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि जिच्यात बदल नाही ती फाइल सोडून देतं. हजार नोंदी असतील तर ही मोठी सोय आहे. पण इथे बदल नोंदीत झालेला नाही, मांडणीत झालेला आहे, म्हणून ऑर्गच्या दृष्टीनं करायला काही काम उरलेलं नाही. आज्ञेच्या आधी कंट्रोल-यू दाबलं की सगळं नव्यानं प्रकाशित होतं. उत्तर एका ओळीचं आहे. पण ते ‘बदल केला तरी पान जुनंच दिसतं’ या वाक्याखाली सापडलं पाहिजे. वाचक शोधताना हेच वाक्य मनात धरून शोधतो.

अशी आणखी ठिकाणं आहेत. मूळ नोंद पुसली तरी तिचं आधी निघालेलं पान प्रकाशनाच्या फोल्डरमध्ये तसंच राहतं. ते आपल्या हातानं काढावं लागतं. अनुक्रमणिकेची सोय चालू केली की एक नवी फाइल आपल्या मूळ नोंदींमध्ये येऊन बसते आणि ही कुणी ठेवली असा प्रश्न पडतो. एखादा दुवा तुटलेला असेल तर अख्खं प्रकाशन तिथे थांबतं. यांतलं काहीही बिघाड नाही. सगळं ठरवून तसं केलेलं आहे आणि त्यामागे कारणं आहेत. म्हणूनच प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर आणि फोल्डरमध्ये काय दिसायला हवं, हे मॅन्युअलनं लिहिलं पाहिजे. ते लिहिलेलं असेल तर आपण बरोबर चाललो आहोत की चुकलो, हे वाचकाला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

एक गोष्ट मी या पुस्तिकेत मुद्दाम पुढे आणायला सांगितली. टिपणांत खाजगी मजकूर असतो. ज्यांच्याकडून शब्द मिळाले त्यांचे फोन नंबर असतात, कुणी विश्वासानं सांगितलेली घरची हकिकत असते. अख्खा फोल्डर एका आज्ञेत जगासमोर जाणार असेल, तर काय वगळायचं आणि कसं, हे त्या आज्ञेच्या आधी सांगितलं पाहिजे. मथळ्याला ‘नोएक्स्पोर्ट’ हा टॅग लावला की तो भाग पानात येत नाही; मांडणीत ‘एक्सक्लूड’ लिहून फाइलीच वगळता येतात. पण निव्वळ टॅगवर विसंबू नये. खाजगी नोंदींचा फोल्डरच वेगळा ठेवावा.

मराठी वाचकाच्या अडचणी यापलीकडे आहेत आणि इंग्रजी मॅन्युअलनं त्यांचा विचार केलेला नाही. पहिली तर कीबोर्डवरच येते. ईमॅक्सच्या आज्ञा कंट्रोल आणि रोमन अक्षर मिळून होतात. विंडोज किंवा लिनक्सचा कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीवर असेल तर रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षर पोचतं आणि आज्ञा पुष्कळदा लागू होत नाही. नवख्याला वाटतं ईमॅक्स बंद पडलं. उपाय असा की कीबोर्ड इंग्रजीतच ठेवायचा आणि ईमॅक्सच्या आतलं देवनागरी इन्स्क्रिप्ट चालू करायचं. मग मराठी मजकूरही लिहिता येतो आणि आज्ञाही चालतात. मॅन्युअलमध्ये जिथे ‘मेटा’ म्हटलं आहे तिथे आपल्या कीबोर्डवरचं ऑल्ट समजायचं, हेही पहिल्याच पानावर हवं. जोडाक्षरं वेडीवाकडी दिसत असतील तर ईमॅक्सची आवृत्ती पाहावी. 2020मध्ये आलेल्या 27व्या आवृत्तीपासून अक्षरांची जुळणी हार्फबझ या साधनाकडे सोपवता आली आणि देवनागरी पडद्यावर नीट बसू लागली.

दुसरी गोष्ट पानाच्या भाषेची. आपण काही सांगितलं नाही तर ऑर्ग प्रत्येक पानावर ‘भाषा इंग्रजी’ अशी खूण घालतं. पान उघडल्यावर मराठीच दिसतं, म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पण दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर त्या खुणेवरून उच्चार ठरवतो. शिवाय ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत. राज्य शासनानं 2009च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले. नोटो, मुक्ता यांसारख्या फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि कोणतं दाखवायचं हे त्याच खुणेवरून ठरतं. फाइलीच्या सुरुवातीला भाषेची एक ओळ लिहिली की दोन्ही प्रश्न सुटतात. एवढी साधी ओळ, पण ती आपल्या वाचकाला कुणी सांगितलेली नसते.

पीडीएफचं प्रकरण सगळ्यांत जास्त लोकांना परत पाठवतं. ऑर्ग पीडीएफसाठी लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा आधार घेतं आणि तिचा नेहमीचा प्रोग्राम, पीडीएफलाटेक, देवनागरीपुढे अडतो. हे युनिकोड अक्षर माझ्याकडे मांडलेलं नाही, अशा अर्थाची एरर येते. एररमध्ये दोष अक्षराला दिलेला असतो, त्यामुळे आपल्या टंकलेखनातच चूक आहे असं वाटून माणूस मजकूर तपासत बसतो. करायचं असतं ते एवढंच: झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरायचा, देवनागरी फाँटाचं नाव द्यायचं, लिपी देवनागरी असल्याचं सांगायचं, आणि लुआलाटेक असेल तर जुळणीसाठी हार्फबझ निवडायचं, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. पुस्तिकेच्या पाचव्या प्रकरणात ही मांडणी संपूर्ण दिली आहे. चाचणीसाठी जो परिच्छेद दिला आहे त्यात ‘वऱ्हाडी’, ‘दऱ्या’, ‘ङ्म’, ‘ट्ठ’, ‘ॲ’ हे सगळं आहे. तो नीट छापला गेला तर बाकी मजकुराची चिंता नको.

फाइलींना नावं मात्र रोमन अक्षरांत द्यावीत, असा सल्ला दिला आहे. मराठीचा कैवार घेणाऱ्या माझ्यासारख्याला तो सहज पटला नाही, पण हिशोब पाहिल्यावर पटला. ‘संत्री’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हं आहेत. प्रत्येकाला तीन बाइट लागतात आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एवढासा शब्द 54 अक्षरांचा पत्ता होतो, आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवला की पुष्कळदा तसाच लांबलचक दिसतो. पानाचं शीर्षक मराठीत आणि फाइलीचं नाव रोमनमध्ये, ही तडजोड रास्त आहे. पानाच्या आतल्या मथळ्यांनाही आपण कायमची ओळख द्यावी. ती दिली नाही तर ऑर्ग स्वतःच काहीतरी नाव देतं, आणि ते पुढच्या प्रकाशनात बदलू शकतं. कुणी आपल्या पुस्तकात एका विशिष्ट नोंदीचा दुवा दिला असेल तर तो वाचकाला भलतीकडे नेईल.

ही पानं कशी लिहिली गेली, तेही सांगतो, कारण मॅन्युअल सुधारायचं तर वाट तीच आहे. प्रत्येक प्रकरण अशा एका माणसाला दिलं ज्यानं हे साधन कधी वापरलेलं नाही. लेखक शेजारी गप्प बसला. वाचणारा जिथे थांबला, मागच्या पानावर गेला किंवा ‘आता काय?’ म्हणाला, तिथे खूण केली आणि त्या जागेची वाक्यं बदलली. जाणकाराला जी पायरी दिसेनाशी झालेली असते ती अशानं पुन्हा दिसते. उदाहरणं परक्या गावची ठेवली नाहीत. मराठी वाचकाच्या फाइली मराठी असणार, तर नमुनेही मराठीच हवेत. निव्वळ इंग्रजी नमुन्यावर तपासलेली सूचना आपल्याकडे चालेल याची खात्री नसते. एररची वाक्यं भाषांतर न करता पडद्यावर येतात तशीच छापली आहेत, म्हणजे शोधणाऱ्याला ती सापडतील.

ऑर्गचं मॅन्युअल स्वतः ऑर्गमध्येच लिहिलेलं आहे. त्याच साध्या फाइलीतून त्याची जालावरची आणि छापील रूपं निघतात. म्हणजे या पुस्तिकेतली सहावी-सातवी प्रकरणं ज्याला जमली त्याला मूळ मॅन्युअलची फाइलही वाचता येते आणि दुरुस्त करता येते. ते ग्नू प्रकल्पाच्या मुक्त दस्तऐवज परवान्याखाली आहे, त्यामुळे मराठीत आणायलाही आडकाठी नाही. पंधरा ओळींहून लहान दुरुस्ती स्वामित्वहक्काची कागदपत्रं न करताही स्वीकारली जाते. कीबोर्डच्या मराठी मांडणीत आज्ञा का लागत नाहीत, हे सांगायला पाच ओळी पुरतात. त्याचा उपयोग नागपूरच्या वाचकाला होईल, तसाच तमिळ, बंगाली, रशियन लिहिणाऱ्यालाही होईल. त्या पाच ओळी इथून जाव्यात अशी माझी इच्छा आहे, आणि शेवटच्या प्रकरणात त्या कशा पाठवायच्या ते पायरीपायरीनं दिलं आहे.

पुस्तिका सुरुवातीपासून क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांना फक्त छापील पीडीएफ हवी आहे त्यांनी पहिल्या दोन प्रकरणांनंतर थेट पाचवं वाचावं. संकेतस्थळ करायचं असेल तर तिसरं आणि चौथं सोडू नये, विशेषतः चौथ्यातला खाजगी नोंदींचा भाग. जुन्या फाँटांतला मजकूर असलेल्यांनी आधी परिशिष्ट पाहावं, मजकूर युनिकोडमध्ये आणावा, रफार आणि अर्धा र डोळ्यांखालून घालावेत आणि मगच पहिल्या प्रकरणाकडे यावं. पहिल्या प्रकरणासाठी एक रिकामा फोल्डर, दोन छोट्या नोंदी आणि एक फोटो एवढं तयार ठेवावं. आपल्या खऱ्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आधीच काढून ठेवावी.